फक्त दारापर्यंत

लेमुय बेट, चिलोए
७ जुलै १९६८

प्रिय रोसामेल,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे, दोन्ही पोचले. सध्या एकच मोजा वापरते. डाव्या पायात काही चढवायला वाकले की खुबा बोंब मारतो. एप्रिलात सफरचंदाच्या झाडावरून पडले तेव्हा शेजारची उबेर्लिंदा म्हणाली, "एदेल्मिरा, बासष्टाव्या वर्षी माणसानं झाडावर नाही, झाडाखाली बसायचं असतं." तिचं बरोबर होतं. हे तिला कळवू नकोस.

कास्त्रोच्या इस्पितळात दोन महिने काढून घरी येऊन आता तीन आठवडे झाले. एरिबेर्तो कंपाउंडर दर गुरुवारी होडीनं येतो. तो म्हणतो, हाड जुळलंय, पण आता रोज कुबड्या घेऊन चालायचं, आजच्यापेक्षा उद्या थोडं जास्त. "नाही चाललात तर सांधा धरून बसेल बाई, मग ही खुर्चीच तुमचं घर." मी चालते. बऱ्यापैकी चालते. तू काळजी करू नकोस.

बटाटे आहेत, सरपण आहे. उबेर्लिंदा सकाळी दूध आणि गावभरच्या बातम्या आणते. दूध संपतं.

नेल्दा कशी आहे? दर पत्रात मी तुझ्या लेकीबद्दल विचारते आणि दर पत्रात तू मला हवामान सांगतोस.

तुझी,
एदेल्मिरा

पुंता आरेनास
२९ जुलै १९६८

प्रिय ताई,

चालतेस हे वाचून जीव भांड्यात पडला. इथं पाचाच्या आत अंधार पडतो आणि वारा असा की कोपऱ्यावरच्या खांबाला धरून लोक वळतात. लोकरीच्या गोदामात मात्र ऊब असते. गठ्ठ्यांमध्ये बसून दुपारची भाकर खातो.

एक काम आहे तुझ्याकडे, लहानसंच. आपल्या गावचा बाउदिलिओ माझ्या शेजारच्या खोलीत राहतो ना, त्याच्याशी वाद झालाय. मी म्हणतो, आपल्या मागच्या खोलीच्या खिडकीतून चेलीनची टेकडी दिसते. तो म्हणतो, छट्, झाडानं झाकलीय. गोदामातले सगळे दोन बाजूंना वाटले गेलेत. तू तेवढं जाऊन बघ आणि कळव. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.

नेल्दा बरी आहे. घराला नवे पडदे लावलेत. वारा फार आहे.

तुझा,
रोसामेल

लेमुय
१८ ऑगस्ट १९६८

प्रिय रोसामेल,

टेकडी दिसते. धुक्याचा पदर घेतलेल्या नव्या नवरीसारखी लाजत उभी आहे, आणि तिच्या पायाशी समुद्र चांदीच्या ताटासारखा पसरलाय. बाउदिलिओला सांग.

मी ठीक. कंपाउंडर या आठवड्यात आला नाही, समुद्र खवळला होता.

एदेल्मिरा

पुंता आरेनास
६ सप्टेंबर १९६८

प्रिय ताई,

अठ्ठावन्न वर्षं तुला ओळखतोय. या अठ्ठावन्न वर्षांत तू कशालाही कशासारखं म्हटलेलं नाहीस. आई गेली तेव्हा तू मला लिहिलं होतंस: "आई सकाळी गेली. पाऊस आहे. ये." आणि आता एकदम नवी नवरी, चांदीचं ताट! ताई, ही टेकडी उबेर्लिंदाबाईंनी बघितली आहे, तू नाही.

त्यांचा जावई देल्फिन बोटीवर खलाशी आहे. जूनच्या अखेरीस तो इथं धक्क्यावर भेटला होता. तेव्हाच त्यानं सांगितलं की तू खुर्चीतून उठत नाहीस. बाई उचलून पलंगावर नेतात, पलंगावरून खुर्चीत. मी काही बोललो नाही. तुला रागावून काही होत नाही हे मी पाच वर्षांचा असल्यापासून जाणतो. म्हटलं, काहीतरी काम सांगू. काम सांगितलं की तू उठतेस.

तर काम अजून तेच आहे. ती खिडकी.

रोसामेल

लेमुय
२२ सप्टेंबर १९६८

गाढवा,

बाउदिलिओ मे महिन्यापासून इथंच आहे. आत्ता माझ्या खिडकीसमोर बटाट्याला वाफे करतोय. कुठल्या गोदामात, कुणाच्या अब्रूवर वाद घातलास रे?

तुझं पत्र वाचून असा संताप आला की कुबड्या ओढल्या आणि मागच्या खोलीत निघाले. कशासाठी, तर तिथं टेबल आहे, तिथं बसून तुला शिव्या लिहायच्या होत्या. अकरा पावलं. पाचव्याला घाम फुटला, सातव्याला दाराची चौकट धरून उभी राहिले आणि तुझं नाव घेऊन जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पोचले. खिडकीत पाहिलं. टेकडी दिसत नाही, उबेर्लिंदानं मनानंच रचून सांगितली होती. झाड वाढलंय आणि काच घाण आहे. झालं समाधान?

आता खरं सांगते. दुखतं म्हणून चालत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. दुखतं हे खोटं नाही. पण सकाळी मी ठरवायची, आज चार फेऱ्या. मग म्हणायची, आधी येर्बाचा चहा घेऊ गरम गरम. मग, पाऊस थांबू दे. या बेटावर पाऊस थांबायची वाट बघणारी बाई! मग उबेर्लिंदा यायची. मग दुपार व्हायची, आणि दुपारनंतर काय सुरू करायचं? संध्याकाळी स्वतःचीच लाज वाटायची. आणि लाज वाटली की माणूस उठतं असं तुला वाटत असेल, तर तसं नसतं. आणखी खोल बसतं.

दुसऱ्या दिवशी राग उतरला, तसे पायही गेले. राग काही रोज पुरत नाही. म्हणून एक केलं. उबेर्लिंदाकडून येर्बाचा डबा मागच्या खोलीत नेऊन ठेववला आणि तिला शपथ घातली, मी पाया पडले तरी आणून द्यायचा नाही. सकाळचा कडू घोट हवा तर अकरा पावलं जायचं, अकरा यायचं. पहिले दोन दिवस येर्बाशिवाय काढले, बघ माझा हट्ट. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. उठले.

आज सहावा दिवस. काचही पुसली.

एदेल्मिरा

पुंता आरेनास
१० ऑक्टोबर १९६८

प्रिय ताई,

पत्र गोदामात मोठ्यानं वाचून दाखवलं. येर्बाच्या डब्यापाशी आल्यावर मुकादमानं टोपी काढली. म्हणाला, "ही बाई आमच्याकडे पाठवून दे, इथं एकेकाला उठवायला अशीच हवी."

बाउदिलिओचं खोटं होतं, कबूल. आता खरंच विचारतो, कारण खरंच बघावंसं वाटतं. सफरचंदं फुलली असतील. किती झाडं फुललीत? मी निघालो तेव्हा नऊ होती. लांबून मोजू नकोस, एकाआड एक लपतात ती.

सगळं ठीक. नेल्दाही ठीक.

रोसामेल

लेमुय
३० ऑक्टोबर १९६८

प्रिय रोसामेल,

सात. एक मेलंय, एक रुसलंय.

ओसरीच्या तीन पायऱ्या उतरायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी नुसती पहिल्या पायरीवर उभी राहून परत आले. उबेर्लिंदा म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "आज एवढंच ठरलं होतं." दुसऱ्या दिवशी दोन. बागेत चिखल, कुबडी फुटभर आत जाते आणि मग ती आपल्याला सोडत नाही. पण गेले. ज्या झाडावरून पडले तेच सगळ्यात जास्त फुललंय, निर्लज्ज कुठलं. त्याला टेकून उभी राहिले. मधमाश्या होत्या. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की आपण पायाचा विचारच केला नाही.

आता माझी पाळी. मी तुझ्या दोन पत्रांचं उत्तर चालून दिलंय. तू माझ्या एकाही प्रश्नाला दिलेलं नाहीस.

नेल्दाच्या घराला तू कुठले पडदे लावलेस? ते घर तिनं गेल्या वर्षी सोडलं. नवऱ्याच्या, येर्कोच्या, बेकरीवरच्या माडीवर राहतात आता दोघं. तुझ्या गोदामापासून सहा गल्ल्या. ती मला दर नववर्षाला लिहिते. तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही. तिनं हेही लिहिलं होतं की बाबा कधीतरी समोरच्या फुटपाथनं जातात आणि मान वर करत नाहीत.

एल्बाला जाऊन नऊ वर्षं झाली. आई मरत असताना बाप मेंढ्या कातरत राहिला हे त्या पोरीच्या मनातून जात नाही. तू म्हणतोस तार उशिरा पोचली. ती म्हणते, तिनं स्वतः पाठवली होती, वेळेवर. मी मधे पडणार नाही.

पण एक काम आहे, लहानसंच. येर्कोच्या बेकरीत दुपारचा पाव किती वाजता भट्टीतून निघतो ते मला हवंय. इतरांना विचारून नाही. जाऊन.

एदेल्मिरा

पुंता आरेनास
१७ नोव्हेंबर १९६८

ताई,

चार वाजता.

पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परतलो. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत गेलो, आत रांग होती, रांगेत उभं राहायला वेळ नाही असं स्वतःला सांगितलं. मला, ज्याची संध्याकाळ खिडकीतून कुत्री मोजण्यात जाते. तिसऱ्या दिवशी आत गेलो. गल्ल्यावर येर्कोची बहीण होती, तिनं मला ओळखलं नाही. पाव घेतला. खोलीवर आलो आणि त्यातला घासभरही खाववला नाही.

तुला एक लिहितो, ते कुणालाच सांगितलेलं नाही. तार वेळेवर आली होती. ज्या दिवशी तिनं पाठवली त्याच दिवशी मालकाच्या कचेरीतून माणूस घोड्यावर आला. मी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि कातरणीच्या रांगेत जाऊन बसलो. तीन आठवडे. रोज म्हणायचो, ही मेंढी झाली की निघतो, हा कळप झाला की निघतो. पैशासाठी नाही ताई. मला त्या खोलीत बसायची भीती वाटत होती. एल्बा मला बघेल आणि मी काय बोलू? नेल्दा सतरा वर्षांची होती. ती बसली.

आता मी जाऊन काय सांगू तिला? दार लावून घेईल, आणि तिचं बरोबरच असेल. जाऊ दे ताई. तू चालतेस तेवढं पुरे आहे मला.

रोसामेल

लेमुय
४ डिसेंबर १९६८

प्रिय रोसामेल,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बागेत चिखलात उताणी पडले होते. घसरले. कुबडी एकीकडे, मी एकीकडे, कोंबड्या जमल्या. उबेर्लिंदा धावत आली ती तुझं पत्र हातात घेऊनच. तिला म्हटलं, थांब, लगेच उचलू नकोस, आधी काही मोडलंय का बघू. काही मोडलं नव्हतं. मग मला हसू यायला लागलं आणि तीही चिखलात फतकल मारून हसत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाताना मात्र पायरीवरच कुबडी दोनदा टेकवून बघितली. पडल्यानंतरचं पहिलं पाऊल हे पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण आता आपल्याला माहीत असतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू चुकलास. मोठी चूक केलीस. मी मोठी बहीण आहे म्हणून ती पुसून टाकेन असं समजू नकोस. एल्बा माझी मैत्रीण होती.

पण मला तुझ्यातला तो माणूस ओळखू येतो. ही मेंढी झाली की, हा पाऊस थांबला की. मीही तीच आहे. तू तीन आठवडे बसलास, मी तीन महिने बसले. फरक इतकाच की माझ्या बसण्यानं दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही.

तर ऐक. तू क्षमा मागायला जाणार आहेस म्हणून तुझे पाय उचलत नाहीत. क्षमा मागायला जाऊ नकोस. खरं सांगायला जा. तार वेळेवर आली होती, एवढं एक वाक्य. नऊ वर्षं तिला वाटतंय की आपण खोटं तर नाही ना धरून बसलो. तेवढं तिचं तिला परत दे. पुढं दार लावायचं की उघडं ठेवायचं, माफ करायचं की नाही, हे तिचं काम आहे. तुझं नाही. तिच्या वाटणीचं ओझं तू उचलायला बघतोस म्हणून वाकतोस.

मी चालायला शिकले असं लोक म्हणतात. मी चालायला बिलायला काही शिकले नाही. मी रोज फक्त उठते. उठलेली बाई उभी राहून काय करणार? चार पावलं टाकतेच.

काम सांगायचं राहिलं: जा.

ताई

पुंता आरेनास
२० जानेवारी १९६९

प्रिय आत्या,

बाबा आले होते. तू पाठवलंस हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या तोंडून असं सरळ वाक्य येणं म्हणजे मागं तू असणार.

अठरा डिसेंबरला दुपारी आले. मी खाली दार उघडलं. टोपी हातात. "तार त्याच दिवशी मिळाली होती," म्हणाले. "मी भ्यायलो होतो." बाकी काही नाही. मी दार लावून घेतलं. वर जाऊन बादली भरून जिना धुतला, जो सकाळीच धुतला होता. येर्को म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मी वेडी नव्हते."

आत्या, हे तुला कसं सांगू? नऊ वर्षं मी कधी कधी रात्री उठून विचार करायची, की पत्ता चुकीचा घातला असेल का मी. सतरा वर्षांची होते, घाईघाईत लिहिला होता. माझ्याच चुकीनं आई त्यांची वाट बघत राहिली का. ते त्या दिवशी संपलं. त्याचा आनंद झाला आणि मग असा राग आला त्यांचा, की आधी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता रांगेत उभे. पाव घेतला, गेले. तिसऱ्या दिवशी तेच. नाताळच्या आदल्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत होती, पाऊस आडवा येत होता, तरी उभे. मी त्यांना पाव द्यायची आणि पुढच्याकडे बघायची. नवव्या दिवशी मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "का येता रोज? मी माफ करणार नाहीये."

म्हणाले, "माहीत आहे. मी रोज फक्त दारापर्यंत यायचं ठरवलंय. त्यापुढचं काही ठरवलेलं नाही."

रांगेतली एक आजी मागून ओरडली, "अगं, एक तर आत घे नाहीतर बाहेर काढ, आमचा पाव गार होतोय!" सगळे हसले. मला हसायचं नव्हतं. पण हसले. आणि म्हटलं, "मागं पिठाची पोती आलीत, येर्कोची पाठ धरलीय. हात लावणार असाल तर या."

पोती लावून झाल्यावर वर येऊन सूप प्यायले. त्यांनी आईबद्दल विचारलं. शेवटचे दिवस कसे होते, काय खायची, काय बोलायची. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट सोडली नाही, त्यांना लागेल म्हणून मुद्दाम काही सांगितल्या. ते उठून गेले नाहीत. सूप गार झालं तरी बसून होते. मला वाटतं मला तेच बघायचं होतं.

मी माफ केलेलं नाही आत्या, हे तुला स्पष्ट लिहिते. पण रविवारी ते आता जेवायला असतात. येर्कोशी फुटबॉलवरून भांडतात. गेल्या रविवारी आले नाहीत, सर्दी झाली होती, तर माझं तिसरं ताट मांडून झालं होतं.

फेब्रुवारीत बेकरी पंधरा दिवस बंद असते. आम्ही तिघं बोटीनं येतोय. एकोणीस तारखेला दुपारी लेमुयला पोचू. तू धक्क्यावर यायचं नाहीस. बाबा म्हणतात मोठा उतार आहे, परत येताना चढ, आणि दीड किलोमीटर आहे. आम्ही घरी येतो.

तुझी,
नेल्दा

लेमुय
२ फेब्रुवारी १९६९

माझी लाडकी नेल्दा,

धक्क्यावर मी येणार. आता एकच कुबडी लागते. काल अर्ध्या वाटेवरच्या कुंपणापर्यंत जाऊन आले, उबेर्लिंदा मागून खुर्ची घेऊन चालत होती, लागली तर बसायला म्हणून. लागली. पण परतताना तीच दमून त्या खुर्चीत बसली आणि मी उभी राहून तिची वाट बघितली.

तुमची बोट दुपारी तीनला येते. मी सकाळी अकराला निघेन. मधे दोनदा बसेन, एकदा बहुतेक रडेन, आणि कुणी मदतीला आलं तर हाकलून देईन. तुझ्या बापाला सांग, वाटेत भेटायला धावत यायचं नाही. धक्क्यावरच उतरायचं आणि मी येईपर्यंत थांबायचं.

आणि एवढं करून मी वेळेवर पोचले आणि तुमचीच बोट उशिरा आली, तर मी कुणाला सोडणार नाही.

तुझी,
आत्या